कम्फर्ट झोन सोडू का? (करूर की सोलापूर)

पुठ्ठेवाला_मास्तर | ८ जून, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसता रोमात (म्हणजे फक्त वाचत) होतो, लिहायची ही पहिलीच वेळ. चूकभूल द्यावी घ्यावी.

मी सोलापूरचा, पूर्व भागातला. वय ४४. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात डिझाईनचं काम करतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चादरीवर जो मोर नाहीतर फूल दिसतं ते आधी चौकटीच्या कागदावर घर-घर रंगवून काढायचं, मग त्याप्रमाणे पुठ्ठ्यांना भोकं पाडायची. आडव्या एका धाग्याला एक पुठ्ठा. पुठ्ठे ओवून जकार्डवर चढवले की भोक असेल तिथला ताण्याचा, म्हणजे उभा, दोरा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. मोठ्या डिझाईनला हजारांनी पुठ्ठे लागतात. एक भोक चुकलं की मोराच्या चोचीत काडी दिसते, आणि ती मग प्रत्येक चादरीत दिसते. हे काम मी १९व्या वर्षापासून करतोय. कारखान्यात मला नावानं कुणी हाक मारत नाही, सगळे 'मास्तर'च म्हणतात.

आता पुठ्ठे कमी झाले. डिझाईन कॉम्प्युटरवर होतं, ते मी शिकलो आपल्यापरीनं. पण आमच्याकडं नव्या ऑर्डरी कमी, जुनीच डिझाईनं रंग बदलून चालतात. गेल्या पाच वर्षांत मी नवीन असं फार काही काढलं नाही. पगार २४ हजार. शेठ चांगले आहेत, अडीनडीला उचल देतात, दुपारी माझ्यासाठी वेगळा चहा येतो.

मागच्या महिन्यात तमिळनाडूतल्या करूरहून एका एक्स्पोर्ट युनिटचा फोन आला. ओळखीतून नंबर गेला होता. पगार ३८ हजार, राहायला दोन खोल्या. इलेक्ट्रॉनिक जकार्ड, युरोपच्या ऑर्डरी. आषाढीपर्यंत सांगा म्हणाले.

घरी आई (वय ७१, सगळी हयात बिड्या वळण्यात गेली), बायको, यंदा दहावी पास झालेला मुलगा. घरात तेलुगू, बाहेर मराठी. तमिळ शून्य.

मोबाईलवर रोज कुणीतरी सांगत असतं, कम्फर्ट झोन सोडा, पुढं जा. हे खरंच पुढं जाणं आहे का, की चांगलं चाललेलं मोडून बसणं? ज्यांनी सोडलं त्यांनी सांगा. नाही सोडलं त्यांनीपण सांगा.

---

कडकभाकरी | ८ जून, रात्री ११:०२

पहिला!

मास्तर, सोलापूर आणि कम्फर्ट झोन? मे महिन्यात ४३ डिग्री, नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, ते पण रात्री दोनला. ह्याला जो कम्फर्ट म्हणतो तो जगात कुठंही राहील बे. बिनधास्त जावा.

---

रेल्वेलाईन्स_कर | ८ जून, रात्री ११:१५

हाहाहा, कडकभाकरी. पाणी आलं का तुमच्याकडं?

---

कडकभाकरी | ८ जून, रात्री ११:१७

उद्या येणाराय. म्हणून तर जागा हाय, सवय मोडू नये.

---

इंद्रायणीचा_पास | ९ जून, सकाळी ७:३०

मास्तर, मी २००९ साली पुण्याला आलो. तेव्हा मलाही वाटलं होतं, झोन सोडला. खरं सांगू? काहीही सोडलं नव्हतं. मांजरीत फ्लॅट घेतला, खालचा किराणावाला बार्शीचा, वरचे पंढरपूरचे, शेजारी अक्कलकोटचे. शेंगाचटणी घरून येते, ज्वारी मंगळवेढ्याहून येते, शुक्रवारी संध्याकाळी हुतात्मा एक्स्प्रेस पकडून मी पण येतो. पुणं म्हणजे सोलापूरचंच एक लांबचं उपनगर.

तुमचं तसं नाही. तिथं भाकरी नाही, मराठी नाही, शनिवारी रात्री घरी येणं नाही. ज्याला खरंच सोडणं म्हणतात ते हे. भीती वाटणारच. पण २४ चे ३८ होतायत, राहायची सोय आहे. माझं मत जा.

---

तिरपागडा | ९ जून, सकाळी ९:१०

मला ह्या शब्दाचाच राग आहे. ज्यांच्याकडं कम्फर्ट आहे त्यांनी खुशाल झोन सोडावा. मास्तरांच्या आईंना कुणी विचारलं होतं का, की आज्जी तुमचा कम्फर्ट झोन कुठला? दिवसाला हजार बिड्या वळायच्या, मजुरी हजारावर, वर कारखान्यात छाट काढतात, म्हणजे बिड्या नापास करतात, ती वेगळी. त्यांनी मांडीवरचं सूप खाली ठेवून 'पुढं' कुठं जायचं होतं?

हे खूळ कॉर्पोरेट शिबिरांतून आलंय. नोकरी टिकेल ह्याची हमी मालक देत नाही आणि कामगाराला सांगतो, बाबा रे, असुरक्षिततेत मजा आहे, वाढ आहे. वा!

मास्तर, राग मानू नका. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. पगाराचा आणि स्वतःला सिद्ध करण्याचा. पगारासाठी जात असाल तर ताबडतोब जा, त्याला स्थलांतर म्हणतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. मोबाईलवरच्या व्हिडिओमुळं जात असाल तर मोबाईल बंद करा.

---

अनामिका_जुळे | ९ जून, सकाळी ९:४०

तिरपागडा, +१. फक्त एक. बिडीकामगार बायकांनीच लढून कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत उभी करून घेतली. रे नगरचं तीस हजार घरांचं काम त्यानंतरचं. सूप खाली ठेवून त्या मोर्च्याला गेल्याच होत्या. त्यांना 'बिचाऱ्या' या खान्यात टाकू नका.

---

तिरपागडा | ९ जून, सकाळी ९:५५

मान्य. पण त्या एकेकट्या गेल्या नव्हत्या, हा फरक महत्त्वाचा. कम्फर्ट झोनवाले व्हिडिओ माणसाला एकटा करतात.

---

भोंगा_१८७७ | ९ जून, दुपारी १:२०

मी या धाग्यावरचा बहुतेक सगळ्यात म्हातारा. माझे वडील जुन्या मिलमध्ये जॉबर (कामगारांवरचे मुकादम) होते. आयडी तिच्यावरूनच घेतलाय, मिल १८७७ सालची.

मास्तर, तुमच्या पूर्व भागाची गोष्ट तुम्हाला मी काय सांगणार. तुमचे पणजोबा-आजोबा तेलंगणातून इकडं आले तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं की भाषा येते का. दुष्काळ होता, हातात माग होता, सोलापुरात सूत होतं, आले. आज सोलापुरात 'काय करायलास बे' म्हणतो तो माणूस घरी तेलुगू बोलतो की कन्नड, हे ओळखता येत नाही. हे गावच मुळात घर सोडून आलेल्यांनी उभं केलंय.

पण दुसरी बाजूही सांगतो, कारण ती कुणी सांगत नाही. वडिलांनी काहीच सोडलं नव्हतं. भोंगा झाला की जायचं, भोंगा झाला की यायचं. सगळ्या गावाचं घड्याळ तो भोंगा होता. साठच्या दशकात एक दिवस तो वाजला नाही. वडील तरी पुढं कित्येक महिने त्याच वेळेला उठून, डबा घेऊन, चिमणीपर्यंत जाऊन यायचे. आई डबा भरून द्यायची, तिनं कधी विचारलं नाही. नंतर लक्ष्मी-विष्णू मिलचंही तेच झालं, तोपर्यंत आम्हाला सवय झाली होती.

त्यांनी झोन सोडला नाही, झोननंच त्यांना सोडलं. तेव्हा ते ५१ वर्षांचे होते. तुम्ही ४४ चे आहात आणि कुणीतरी फोन करून बोलावतंय.

---

रेल्वेलाईन्स_कर | ९ जून, दुपारी १:४५

काका, डब्याचं वाचून थांबलो जरा.

---

मोटिव्हेशन_मामा | ९ जून, दुपारी ४:००

डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचेच! १९३८ साली चीनला गेले, भाषा शिकले, युद्धात जखमींवर उपचार केले, अजरामर झाले! वालचंद हिराचंद पण सोलापूरचे! घरची पेढी सोडली नसती तर १९१९ ला लंडनला जहाज गेलं असतं का? बेंगळुरूला विमानाचा कारखाना निघाला असता का? उठा मास्तर, इतिहास तुमची वाट पाहतोय!!

---

कडकभाकरी | ९ जून, दुपारी ४:०४

इतिहास नाय मामा, करूरचा एचआर वाट पाहतोय.

---

अनामिका_जुळे | ९ जून, दुपारी ४:३०

मामा, उदाहरणं देताना सगळी द्या. वालचंदशेठच्या पाठीशी पेढी होती, मास्तरांच्या पाठीशी दहावी पास मुलगा आहे. आणि कोटणीस गेले तेव्हा २७ वर्षांचे होते, मागे बायको-मुलं नव्हती. पाच डॉक्टर गेले, चौघे परत आले, ते राहिले आणि १९४२ च्या डिसेंबरात वयाच्या ३२व्या वर्षी तिथंच वारले. त्यांच्या घराच्या स्मारकात मी शाळेच्या सहलीबरोबर गेले होते. आमच्या बाई म्हणाल्या, धाडसी. मला आठवतंय, माझ्या डोक्यात तेव्हा एकच आलं, ह्यांच्या आईला कधी कळलं असेल?

---

पतसंस्था_ते_पतसंस्था | ९ जून, रात्री ९:२५

मास्तर, तुम्ही म्हणालात ज्यांनी सोडलं त्यांनी सांगा. सोडून आपटलेल्यांपैकी कुणीच लिहिलं नाही अजून, म्हणून मी लिहिते.

एका पतसंस्थेत १४ वर्षं होते, कॅशवर. ३९व्या वर्षी राजीनामा दिला आणि शेंगाचटणीचा व्यवसाय सुरू केला. सासूबाईंची चटणी सगळ्या नात्यात प्रसिद्ध, म्हटलं हीच विकू. सुरुवातीला उखळात कुटून, महिन्याला तीस-चाळीस किलो. मागणी आली. पुण्याच्या एका दुकानदारानं एकदम २०० किलो मागितली. कुटायला माणसं मिळेनात. यंत्र घेतलं, कर्ज काढून.

यंत्रात काय होतं, शेंगदाणा गरम होतो आणि तेल जास्त सुटतं. उखळातल्या चटणीला तेल सुटतं ते वेगळं, ती ओलसर लागते, गोळा होते. यंत्रातली तेलकट होते आणि खवट व्हायला वेळ लागत नाही. मी एप्रिलमध्ये पाठवली. टेम्पो, पत्र्याचं गोदाम, सोलापूरचा उन्हाळा. १५ दिवसांत सगळा माल खवट म्हणून परत आला. दुकानदाराचं काही चुकलं नाही, चूक माझीच. दोन वर्षांत ३ लाख ८० हजार गेले.

आता दुसऱ्या एका पतसंस्थेत आहे. पगार आधीपेक्षा चार हजारांनी कमी. म्हणून हा आयडी.

लोक विचारतात, पश्चात्ताप होतो का. पैशाचा होतो, रोज होतो. हप्ता अजून चालू आहे. पण मी १४ वर्षं दुसऱ्यांच्या कर्जाचे अर्ज बघत होते आणि 'व्यवसाय बुडाला' ह्या कारणावर मनातल्या मनात हसत होते. आता तसा अर्जदार समोर आला की खुर्ची देते.

मास्तर, तुमच्या बाबतीत एक चांगलं आहे. तुम्ही काम बदलत नाही, जागा बदलताय. मी दोन्ही एकदम बदललं. तेवढं करू नका.

---

कोरडीचटणी | ९ जून, रात्री ९:५०

ताई, माफ करा, विषयांतर होतंय, पण उखळातल्या चटणीत लसूण कधी घालायचा? दाण्याबरोबर की नंतर?

---

पतसंस्था_ते_पतसंस्था | ९ जून, रात्री १०:०१

आधी लसूण, तिखट, मीठ, जिरं कुटून घ्यायचं. मग दाणे. दाणे मंद आचेवर खरपूस भाजलेले हवेत आणि पूर्ण गार झालेले.

---

कडकभाकरी | ९ जून, रात्री १०:०३

जिरं?? आमच्यात जिरं घालत नाहीत. जिरं घातलं की ती पुण्याची चटणी.

---

इंद्रायणीचा_पास | ९ जून, रात्री १०:०६

ओ, पुण्याला मध्ये आणू नका.

---

कोरडीचटणी | ९ जून, रात्री १०:०८

आणि दही की तेल, ह्यावर एक वेगळा धागा काढू का?

---

संपादक_मंडळ | ९ जून, रात्री १०:३०

पुढचे २३ प्रतिसाद पाककृती विभागात हलवले आहेत. कृपया मूळ विषयावर या.

---

अर्धवट_प्राध्यापक | १० जून, सकाळी ११:००

ह्या कल्पनेमागं थोडं शास्त्रही आहे. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांना विजेचे झटके देऊन दाखवलं की ताण वाढला की शिकणं सुधारतं, फार वाढला की बिघडतं. म्हणजे थोडा ताण हवाच. मास्तरांनी थोडा ताण घ्यावा.

---

चष्मिष | १० जून, सकाळी ११:४०

प्राध्यापक, अर्धंच सांगितलंत, आयडीला जागलात.

त्या उंदरांना पांढरी पेटी आणि काळी पेटी यातला फरक ओळखायचा होता, चुकलं की झटका. फरक अगदी सोपा होता तेव्हा झटका जितका जोरात तितकं लवकर शिकले. पण उजेड कमी करून फरक ओळखणं अवघड केलं, तेव्हा जोराच्या झटक्यानं ते गोंधळले, त्यापेक्षा हलक्या झटक्यानं लवकर शिकले. म्हणजे काम जितकं अवघड तितका धक्का हलका पाहिजे. व्हिडिओवाले नेमकं उलटं सांगतात, अवघड करा आणि एकदम उडी मारा.

मास्तरांचं काम अवघड आहे. ४४व्या वर्षी, नवी भाषा, नवं मशीन. तेव्हा धक्का हलका करा. आधी रजा टाकून आठ दिवस जाऊन बघून या. घर लगेच हलवू नका.

(आणि उंदरांवरून माणसांचं ठरवू नये हेही आहेच.)

---

कडकभाकरी | १० जून, सकाळी ११:४५

एमएसईबी सोलापुरावर हाच प्रयोग करायलीय.

---

पीएफचा_किडा | १० जून, दुपारी २:१५

भावना बाजूला, हिशोब घ्या. मास्तर, रोलवर किती वर्षं? बेसिक किती?

---

पुठ्ठेवाला_मास्तर | १० जून, रात्री ८:१०

सगळ्यांचे आभार, एवढे लोक लिहितील वाटलं नव्हतं. ताई, तुमचं वाचून बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, जिरं घालतातच.

पीएफभाऊ, रोलवर १६ वर्षं. त्याआधी व्हाउचरवर. बेसिक १४ हजार.

---

पीएफचा_किडा | १० जून, रात्री ८:५०

मग नीट ऐका.

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मालकानं द्यायची एकरकमी रक्कम. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाच वर्षं पूर्ण झाली की हक्क. शेवटचा बेसिक अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. फक्त बेसिक धरलं तर तुमचे सुमारे १ लाख २९ हजार होतात. राजीनाम्यानंतरही मिळते. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. शेठ चांगले असले तरी पोच घ्या.

पीएफ काढू नका, नव्या खात्यात वर्ग करा. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच राहतो. दहा वर्षांच्या वर सेवा झालीय म्हणजे ५८ नंतर पेन्शनला पात्र आहात, सगळं काढून ते तोडू नका. आधारवरचं आणि पीएफमधलं नाव एकच आहे ना बघा, तेलुगू आडनावांच्या स्पेलिंगमध्ये शंभर भानगडी असतात.

आणि करूरवाल्यांकडून नेमणुकीचं पत्र हातात आल्याशिवाय इथं राजीनामा द्यायचा नाही. फोनवरचं ३८ हजार हातात पडेल तेव्हा ३८. पीएफ कापून किती, हे विचारलंत का?

---

पुठ्ठेवाला_मास्तर | १० जून, रात्री ९:००

नाही विचारलं. विचारतो.

---

शून्य_प्रतिसाद | ११ जून, पहाटे १२:४०

मास्तर, तुमची पहिली पोस्ट तीनदा वाचली. तुम्हाला गाव सुटायची भीती नाहीये. 'मास्तर' सुटायची आहे.

---

अनामिका_जुळे | ११ जून, सकाळी ८:००

शून्य_प्रतिसाद यांचा सहा वर्षांतला पहिला प्रतिसाद. आणि तोही असा.

---

पुठ्ठेवाला_मास्तर | ११ जून, रात्री १०:२०

दिवसभर हेच डोक्यात होतं. खरं आहे. मी लिहिलं नव्हतं. तिथला डिझाईन हेड २६ वर्षांचा मुलगा आहे. फोनवर तोच बोलला. मला त्याच्या हाताखाली काम करावं लागणार. इथं मालकाचा मुलगा पण मला अहो-जाहो करतो. चहाचं लिहिलं मी, ते उगाच नव्हतं.

---

गलाईवाला_सेलम | १२ जून, रात्री ११:५५

राम राम मास्तर. दुकान बंद करून आत्ता वाचलं.

मी खानापूर तालुक्यातला, सांगली जिल्हा. आमच्याकडची, आटपाडीची आणि तुमच्या सांगोल्याची निम्मी माणसं गलाईत. सोन्या-चांदीची आटणी, शुद्ध करणं. तमिळनाडूत कुठल्याही सराफ बाजारात मागच्या बोळात शिरा, तेजाबाचा वास आला की हाक मारा, 'काय पाव्हणं?' आतून मराठी उत्तर येईल. करूरलाही येईल.

मी आलो तेव्हा १५ वर्षांचा होतो. दहावी नापास. मामाच्या दुकानात. पहिलं वर्षभर रात्री भट्टीमागं बसून रडायचो, मामाला दिसू नये म्हणून. धुरानं डोळं लाल हुतं, त्यामुळं कुणाला कळलं नाही. भाषा आधी काट्यावर शिकलो, ओण्णु, रेंडु, मूणु. मग शिव्या. मग गिऱ्हाइकाशी गोड बोलणं, ते सगळ्यात शेवटी.

मास्तर, तुमच्या घरात तेलुगू आहे म्हणजे तुम्ही निम्मा डोंगर चढलाय. रेंडु म्हणजे दोन, दोन्हीकडं. फक्त एक सांभाळा. तेलुगूत इल्लु म्हणजे घर, तमिळमध्ये इल्लै म्हणजे नाही. पहिल्या दिवशी घाई करू नका, घर मागाल आणि 'नाही' ऐकाल.

आता दुसरं. इथं येऊन मला ३१ वर्षं झाली. गावाकडं बंगला बांधलाय, दोन मजली. वर्षातनं दहा दिवस त्यात दिवा लागतो, यात्रेला. बाकी वेळ चुलता उदबत्ती लावतो. पोरं तमिळ शाळेत शिकली, मराठी बोलतात पण वाचत नाहीत. हा धागा त्यांना वाचून दाखवायला लागला. हे फायद्यात धरायचं का तोट्यात, मला अजून ठरवता आलं नाही. तुमचा मुलगा दहावी झालाय, त्याची भाषा पक्की झाली, तेवढं बरं.

करूरला आमच्यातले लोक आहेत. निरोप पाठवा, स्टेशनवर घ्यायला येतील.

---

भोंगा_१८७७ | १३ जून, सकाळी ६:४०

गलाईवाले, बंगल्यातल्या उदबत्तीचा वास इथपर्यंत आला.

---

मोटिव्हेशन_मामा | १३ जून, सकाळी ९:००

तुम्ही सगळे फार रडवता राव. मी फक्त प्रोत्साहन देत होतो.

---

कडकभाकरी | १३ जून, सकाळी ९:०२

मामा, तुम्ही स्वतः शेवटचा झोन कधी सोडला?

---

मोटिव्हेशन_मामा | १३ जून, सकाळी ९:३०

२०११. होटगी रोडवरून विजापूर रोडला राहायला आलो.

---

रेल्वेलाईन्स_कर | १३ जून, सकाळी ९:३१

ह्या प्रतिसादावर धागा बंद करा, यापुढं काही नाही.

---

तिरपागडा | १३ जून, सकाळी १०:१५

न सोडलेल्यांचंही सांगा असं मास्तर म्हणाले होते, ते राहिलं. मी सोडलं नाही. २००४ साली मुंबईची नोकरी आली होती, आजारी वडिलांसाठी नाकारली. वडील त्यानंतर १७ वर्षं जगले. लोक म्हणतात, तू त्याग केलास. काही नाही. मला मुंबईची भीती वाटत होती आणि वडिलांचा आजार सोयीचा पडला. हे मी त्यांच्या हयातीत कुणाला सांगितलं नाही. आईच्या नावावर राहू नका मास्तर, एवढंच. राहायचं तर स्वतःच्या नावावर राहा.

---

अनामिका_जुळे | १३ जून, सकाळी १०:४०

तिरपागडा, तुमच्याशी भांडायला पुढच्या वेळी जड जाणार.

---

रेल्वेलाईन्स_कर | ४ जुलै, रात्री ९:००

धागा वर काढतोय. मास्तर, परवा आषाढी. काय ठरलं?

---

पुठ्ठेवाला_मास्तर | ५ जुलै, रात्री ११:१०

माफ करा, गायब होतो. चष्मिष यांचं ऐकलं. रजा टाकली आणि करूरला जाऊन आलो, पाच दिवस. स्टेशनवर गलाईवाल्यांचे पाव्हणे खरोखर आले होते. पहिल्या रात्री त्यांच्याकडं भाकरी खाल्ली, दुसऱ्या दिवसापासून भात.

खरं ते सांगतो. कॉम्प्युटरवर त्या मुलाचा हात माझ्या दुप्पट चालतो. पहिले दोन दिवस मी नुसता मागं उभा राहून बघत होतो. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, आता आपलं ज्ञान दाखवायची वेळ आली. टॉवेल धुतल्यावर उभा जास्त आटतो, म्हणून आम्ही गोल काढताना किंचित उभट काढतो, नाहीतर सूर्य चपटा होतो. हे मला माझ्या उस्तादांनी वर्षभर मार खायला लावून शिकवलं होतं. त्याच्या स्क्रीनवर सूर्य अगदी गोल होता. मी म्हटलं, हा चपटा होणार. तो हसला नाही, नीट म्हणाला, 'अंकल, ते सेटिंगमध्ये आधीच आहे.' एक बटण दाबून दाखवलं. सूर्य उभट झाला.

रात्री खोलीवर झोप लागली नाही. वर्षभराचा मार एका बटणात बसला.

पण सकाळी उठलो तेव्हा पहिला विचार आला तो, त्या बटणाच्या शेजारचं बटण कशाचं आहे. ते विचारलं. मग त्याच्या शेजारचं. पाच दिवसांत मला तिथं एकदाही कुणी मास्तर म्हणालं नाही, सगळे अंकल म्हणत होते. आणि पाच दिवसांत जे शिकलो ते इथं पाच वर्षांत शिकलो नव्हतो.

पीएफ कापून ३४ हजार ६०० हातात येतात, विचारलं. पत्र आलंय. शेठना काल सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, नाही जमलं तर परत या. ग्रॅच्युइटीचा अर्ज दिला, पोच घेतली. पोच मागताना लाज वाटली, पण घेतली.

मी एकटा आधी जाणार. मुलाची अकरावी-बारावी इथंच, बायको त्याच्याजवळ. आईचं राहिलं होतं. तिला सांगायला दोन दिवस लागले मला. वाटलं रडेल. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि तेलुगूत एकच विचारलं, तिकडं नळाला पाणी कधी येतं?

म्हटलं, खोल्यांना बोअर आहे, रोज येतं.

म्हणाली, मग मी पण येते.

---

कडकभाकरी | ५ जुलै, रात्री ११:१४

आज्जींना साष्टांग नमस्कार सांगा मास्तर. आमच्यात आत्ताच पाणी आलं, बाकीचं भरून झाल्यावर लिहितो.